आजाराचं नाव आणि आमचा एक विनोद

मे २०२१. कोविडची दुसरी लाट. रात्री अकराला ड्युटी संपवून घरी आलो, फोन उघडला तर आमच्या एमबीबीएसच्या बॅचच्या ग्रुपवर दीडशेच्या वर मेसेज. पोटात गोळा आला. त्या दिवसांत एवढे मेसेज म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी. सुदैवाने तसं नव्हतं. भांडण झालं होतं.

आमची बॅच लातूर, नागपूरपासून इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पांगलेली. लेस्टरच्या मित्राने तिथे ‘इंडियन व्हेरियंट’ पसरत असल्याची बातमी टाकली. लातूरचा मित्र उसळला, “तिकडे बसून देशाची बदनामी करू नकोस.” उत्तर आलं, “बातमी खरी आहे. खरं ऐकवत नसेल तर डॉक्टरकी सोड.” मग त्यात निवडणुका आल्या, कुंभमेळा आला, ब्रेक्झिटही आलं. मी फोन पाहिला तोवर लातूरकर ग्रुप सोडून गेला होता. ग्रुपचा ॲडमिन मी. कोणाला बोलायचं हे मलाच कळेना, कारण दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं.

विषाणूचा तो प्रकार प्रथम भारतात आढळला, हे खरंच होतं. महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ‘डबल म्युटंट’चं प्रमाण वाढल्याचं आपल्याच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं होतं. पण त्याला देशाचं नाव चिकटवणं चूक होतं. नव्या आजाराच्या नावात गाव, देश, व्यक्ती, प्राणी किंवा एखादा समाज येऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१५ मध्येच सांगून ठेवलं आहे.

हा नुसता शिष्टाचार नाही. नावामुळे माणसं चुकीचं वागतात. २००९ चा स्वाइन फ्लू पुणेकर विसरलेले नाहीत. तो माणसाकडून माणसाला होत होता, तरी इजिप्तने देशभरातली डुकरं मारण्याचा आदेश काढला. कैरोत कचरा गोळा करून त्यावर डुकरं पाळणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचं पोटच त्यामुळे गेलं. आमच्याकडे २०२० च्या उन्हाळ्यात एक बाई ताप अंगावर काढून उशिरा आल्या. का थांबलात, विचारलं तर म्हणाल्या, “डॉक्टर, आमच्या पेठेचं नाव सांगितलं की लोक लांब सरकतात.” केसपेपरवर पत्ता बहिणीचा होता.

अशा वादात मला एक जुनं प्रकरण आठवतं. बऱ्याच प्रभावी प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंत एक विकर सापडलं. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात ते प्रथम आढळलं होतं. त्याला नाव दिलं गेलं ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात याविषयी सविस्तर लेख आला आणि भारतात गदारोळ उठला. नाव बोचलं ते बरोबरच. पुढच्या जानेवारीत ‘लॅन्सेट’च्या संपादकांनीही नाव देण्यात चूक झाल्याचं मान्य केलं. पण आपण नावाबरोबर निष्कर्षही उडवून लावला, परदेशी रुग्ण भारतात येऊ नयेत म्हणून रचलेलं कुभांड म्हणालो. निष्कर्ष खरा होता. २०११ मध्ये दिल्लीतल्या पाण्याच्या नमुन्यांतही त्या विकराचं जनुक सापडलं. अशा जिवाणूंनी बाधित झालेले रुग्ण आज आमच्या अतिदक्षता विभागात नवीन राहिलेले नाहीत. आणि इटलीतल्या व्हेरोना किंवा कोरियातल्या सोल शहराचं नाव अशाच विकरांना दिलं गेलं, तेव्हा आपल्याकडे कोणाला काही खटकलं नव्हतं.

आपणही गावांची नावं दिलीच आहेत. नागपूरजवळच्या चांदीपुरा इथल्या रुग्णांच्या रक्तात १९६५ मध्ये एक विषाणू मिळाला. तो शोधला पुण्यातल्या प्रयोगशाळेने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने. २०२४ मध्ये गुजरातेत मुलं दगावली तेव्हाही बातमीत नाव त्या गावाचंच होतं. त्या काळी तीच रीत होती, कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण गावाला कोणी विचारलंही नव्हतं.

तर त्या रात्री मी ग्रुपवरचे मेसेज मागे मागे वाचत गेलो. मार्च २०२० पाशी थांबलो. तिथे ‘चिनी विषाणू’ भरपूर होता. एक विनोद तर मीच टाकलेला. लातूरकराने त्यावर हसण्याच्या चार खुणा केल्या होत्या. आमच्या बॅचमध्ये मणिपूरची एक मैत्रीण आहे. त्या दिवसानंतर तिचा एकही मेसेज नव्हता, आणि चौदा महिन्यांत आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, “तुझा विनोद वाचला त्याच आठवड्यात माझ्या मुलीला रस्त्यात ‘ए कोरोना’ म्हणून हाक मारली होती. तुमच्याशी काय भांडू?” ईशान्य भारतातल्या लोकांना असा त्रास होऊ नये म्हणून त्याच महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना सूचना द्यावी लागली होती. ती सूचना मी पेपरात वाचली होती. ती माझ्या विनोदालाही लागू होते, हे मात्र सुचलं नव्हतं.

मी ग्रुपवर आधी माझी माफी मागितली, मग दोन गोष्टी लिहिल्या. एक, कोणत्याही देशाचं, समाजाचं नाव आजाराला लावायचं नाही. भारताचं नाही, तसंच चीनचंही नाही. दुसरी, शब्द खटकला तर शब्दाबद्दल बोलायचं, पण त्या आडोशाने खरी बातमी खोटी ठरवायची नाही. लातूरच्या मित्राशी मात्र फोनवरच बोललो. त्या आठवड्यात त्याने वॉर्डात किती मृत्यू पाहिले होते, ते ऐकल्यावर तो एवढा का भडकला ते कळलं. लेस्टरवाल्यालाही मी त्याला फोन करायला लावलं.

३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरांची नावं जाहीर केली. ब्रिटनमध्ये प्रथम आढळलेला अल्फा, दक्षिण आफ्रिकेतला बीटा, ब्राझीलचा गॅमा आणि आपल्याकडचा डेल्टा. सगळ्यांना एकच नियम. लेस्टरहून लगेच मेसेज आला, “आता डेल्टाची बातमी टाकू का?” लातूरकर तोवर परतला होता. “टाक,” तो म्हणाला, “आणि तिकडच्या लसीकरणाचे आकडेही टाक.”

मणिपूरची मैत्रीण अजून फारसं लिहीत नाही. मी तिला अधूनमधून फोन करतो.