साहाय्याकडून रोजगाराकडे : नाशिकच्या पश्चिम तालुक्यांच्या संदर्भात एक विचार

शासकीय साहाय्यावर जगणाऱ्या कुटुंबाने स्वतःच्या श्रमावर उभे राहावे, ही अपेक्षा कोणत्याही कल्याणकारी राज्याने बाळगावी यात वावगे असे काही नाही. प्रश्न उद्भवतो तो या दोन अवस्थांच्या मधल्या काळात. जुना आधार केव्हा काढून घ्यावयाचा आणि नव्या आधाराने भार पेलला आहे हे कशावरून ठरवावयाचे, याचे उत्तर योजनेच्या उद्दिष्टांत नसते. ते तिच्या नियमांच्या बारकाव्यांत असते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न महाराष्ट्रातील अनुभवाच्या, व विशेषतः नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा व त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील परिस्थितीच्या आधारे तपासावयाचा आहे.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाची चर्चा प्रामुख्याने रोख साहाय्याच्या संदर्भात झाली. मिळकत वाढताच साहाय्य एकदम बंद केले, तर काम पत्करणारा मनुष्य पूर्वीपेक्षा गरीब होतो. म्हणून साहाय्य क्रमाक्रमाने घटविण्याची पद्धत पुढे आली. ब्रिटनमधील 'युनिव्हर्सल क्रेडिट' या योजनेत मिळकतीच्या प्रत्येक वाढीव पौंडामागे साहाय्यातून 63 पेन्स कापले जात. 2021 च्या अखेरीस हे प्रमाण 55 पेन्सांवर आणण्यात आले. याचा अर्थ असा की, काम करणाऱ्याच्या हाती त्या पौंडातले निदान 45 पेन्स अधिक पडावेत.

आपल्याकडील परंपरा मुळातच वेगळी आहे. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितांनी धडधाकट माणसास फुकट मदत न देता काम देण्याचे तत्त्व स्वीकारले. त्यामागे करुणेइतकाच संशयही होता. मजुरी अल्प ठेवावी, काम कष्टाचे असावे, म्हणजे खरा गरजू तेवढाच येईल, असा तो हिशेब. 1877 च्या आरंभी मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवर मजुरी कमी करण्यात आली तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली, ही घटना या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

या परंपरेला हक्काचे रूप मिळाले ते रोजगार हमी योजनेमुळे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकार झालेली ही योजना 1972 साली अंमलात आली, आणि लगोलग आलेल्या भीषण दुष्काळाने तिचे महत्त्व सर्वांना पटविले. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. 1975 साली व्यवसाय कर बसवून शहरी वेतनदारांकडून या योजनेसाठी पैसा उभारण्यात आला. 1977 साली कायदा झाला व 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते न दिल्यास बेकारभत्ता देण्याचे बंधन शासनावर आले. भत्ता आरंभी दिवसाला एक रुपया इतकाच होता. परंतु काम न मिळणे हा मजुराचा दोष नसून शासनाची चूक आहे, ही कबुली त्या एका रुपयात होती.

येथे वाचकांच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. साहाय्य हेच जर काम असेल, तर साहाय्याकडून कामाकडे जाण्याचा प्रश्न उरतो कोठे? तो उरतो, परंतु एक पायरी पुढे सरकतो. बंधाऱ्यावर माती वाहणारा मजूर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच रांगेत उभा राहणार असेल, तर त्याच्या जीवनात स्थैर्य आले असे म्हणता येणार नाही. या मुद्द्यावर 1985 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये झालेला वाद आजही वाचनीय आहे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली गरीब कुटुंबास कर्ज व अनुदान देऊन म्हैस, शेळ्या अथवा एखादे साधन घेऊन देण्यात येई. अनुदानाचे प्रमाण लहान शेतकऱ्यास 25 टक्के, शेतमजुरास एक-तृतीयांश, तर आदिवासींस 50 टक्के असे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील नीलकंठ रथ यांनी दाखवून दिले की, या मार्गाने दारिद्र्यरेषा ओलांडणारी कुटुंबे फार थोडी असून बहुसंख्य गरिबांस मजुरीचे खात्रीचे कामच अधिक उपयोगी आहे. एम. एल. दांतवाला यांनी त्यास उत्तर देताना स्वयंरोजगाराचा मार्ग इतक्या सहजी सोडून देऊ नये, अशी भूमिका घेतली. आमच्या मते दोघांच्याही म्हणण्यात एक गोष्ट गृहीत राहिली : हे दोन मार्ग परस्परांचे पर्याय आहेत. वस्तुतः एकाच कुटुंबास काही वर्षे दोन्हींची एकाच वेळी गरज असते.

ही गरज नियमांत कशी हरवते, याचे एक उदाहरण घेऊ. 1980 साली सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना विधवा, दिव्यांग, दुर्धर आजारी अशा व्यक्तींसाठी आहे. 2020-21 साली कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा 21,000 रुपये होती आणि एकट्या लाभार्थ्यास दरमहा 1,000 रुपये मिळत. केंद्रीय रोजगार हमी कायद्याखालील महाराष्ट्रातील मजुरीचा दर 2019-20 मध्ये 206 रुपये होता, तो 2020-21 मध्ये 238 रुपये झाला. शंभर दिवसांची मजुरी पहिल्या वर्षी 20,600 रुपये भरते; दुसऱ्या वर्षी 23,800. म्हणजे शंभर दिवस पूर्ण काम करणारे विधवेचे कुटुंब पहिल्या वर्षी मर्यादेच्या आत राहते व दुसऱ्या वर्षी, केवळ दर वाढल्यामुळे, मर्यादेबाहेर जाते. मिळकत वाढली 3,200 रुपयांनी. धोक्यात आले वर्षाचे 12,000. तहसील कार्यालयातील उत्पन्नाचा दाखला इतका काटेकोर नसतो, म्हणून हा प्रसंग प्रत्यक्षात बहुधा टळतो, असे कोणी म्हणेल. परंतु दाखल्याच्या ढिलाईवर गरिबाचे हित अवलंबून ठेवणे ही चांगल्या नियमाची खूण नव्हे. याच योजनेत मुलगा 25 वर्षांचा झाला अथवा नोकरीस लागला की मातेचे अनुदान थांबवावे, अशी अट दीर्घकाळ होती. मुलाची नोकरी टिकते की नाही, हे पाहण्यास नियमाला सवड नव्हती.

आता पश्चिम नाशिककडे वळू. येथील कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबे पावसाळ्यात डोंगरउतारावर भात, नागली, वरई पिकवितात. पाऊस विपुल, पण तो उतारावरून वाहून जातो आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठीही पायपीट करावी लागते. दिवाळीनंतर ही कुटुंबे दिंडोरी, निफाडकडील द्राक्षबागांत कामास जातात. ऑक्टोबरच्या सुमारास होणारी गोडी छाटणी, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत माल उतरविणे, नंतर खरड छाटणी असा तेथील कामांचा क्रम असतो. टोळीने, एकराच्या हिशेबाने काम घेतले जाते आणि बऱ्याचदा आगाऊ उचल मिळते. शासकीय कामाची मजुरी मात्र हजेरीपत्रक, मोजमाप व बँक यांतून वाट काढीत येते. गरजू माणूस अधिक दराकडे पाहण्याआधी पैसा कधी मिळेल हे पाहतो, ही साधी गोष्ट योजनाकारांच्या ध्यानी क्वचितच येते.

या भागात स्थलांतर थांबवून कुटुंबास स्वतःच्या जमिनीवर उभे करण्याचा सर्वांत महत्त्वाचा शासकीय प्रयत्न म्हणजे 1990 साली रोजगार हमीशी जोडण्यात आलेली फळबाग लागवड योजना. तिची कल्पना खरोखरीच मार्मिक होती. मजुराने सरकारी रस्त्याऐवजी स्वतःच्या वरकस जमिनीत खड्डे खणावयाचे, कलमे लावावयाची, आणि त्या श्रमाची मजुरी त्यालाच मिळावयाची. अनुदान तीन वर्षांत विभागून व रोपे जगण्याच्या अटीवर दिले जाई. मजूर हाच मालक झाल्याने कामाचा दर्जा तपासण्यासाठी मुकादमाची आवश्यकता फारशी राहिली नाही. राज्यातील फळबागांचे क्षेत्र यानंतर झपाट्याने वाढले.

परंतु आंब्याचे कलम विक्रीयोग्य उत्पन्न देऊ लागते ते साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी. अनुदान तिसऱ्या वर्षी संपते. मधल्या एक-दोन वर्षांत कुटुंबाने खावे काय? अर्थातच ते पुन्हा द्राक्षाच्या हंगामास जाते. आणि तो हंगाम नेमका त्याच महिन्यांत येतो, ज्या महिन्यांत डोंगरावरील कोवळ्या कलमांना घागरीने पाणी घालावे लागते. रोपे वाळतात. मग 'आदिवासी शेतकऱ्यास बागेची निगा राखता येत नाही' असा शेरा मारला जातो. दोष निगेचा नसून वेळापत्रकाचा असतो.

या संदर्भात शेजारच्या गुजरातेतील वांसदा येथे मणिभाई देसाई यांच्या 'बाएफ' संस्थेने 1982 पासून उभ्या केलेल्या 'वाडी' पद्धतीची तुलना उद्बोधक ठरेल. ही पद्धत पुढे नाशिकच्या आदिवासी भागातही आली. साधारण एक एकर जमिनीत आंबा व काजू, कडेने कुंपणाची व सरपणाची झाडे, आणि झाडांच्या ओळींमधील मोकळ्या पट्ट्यांत धान्य, कडधान्य, भाजीपाला अशी तिची रचना आहे. आंतरपिकामुळे पहिल्या वर्षापासून घरात काही ना काही येते. झाड फळास येईपर्यंतचा काळ भाजीपाला निभावून नेतो. संस्थेचे कार्यकर्तेही अनेक वर्षे गावात राहून पाण्याची, रोपांची व पुढे विक्रीची व्यवस्था पाहतात. हा मार्ग खर्चिक आहे व मनुष्यबळ मागतो. संस्थेने काही गावांत जे साधले ते तालुक्याच्या यंत्रणेस तसेच्या तसे साधेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

तथापि त्यातला एक भाग कोणत्याही तालुका कार्यालयास पेलण्याजोगा आहे. फळबागधारक कुटुंबास चौथ्या व पाचव्या वर्षीही, जानेवारी ते मे या महिन्यांत, स्वतःच्याच बागेतील पाणी, आच्छादन व बांधबंदिस्तीच्या कामाची मजुरी दर आठवड्यास द्यावी, आणि ती पहिल्या विक्रीनंतर टप्प्याटप्प्याने कमी करीत जावे. यासाठी किती खर्च येईल, याचा अंदाज तालुकावार हजेरीपत्रके व बागांच्या जिवंत रोपांच्या नोंदी एकत्र ताडून काढता येईल. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लघुप्रबंधासाठी हे काम हाती घ्यावे. पेठ तालुक्यातील चार-पाच गावे निवडून, एप्रिलमध्ये बाग पाहावी आणि त्याच कुटुंबातील माणसे त्या महिन्यात कोठे आहेत याची नोंद करावी. एवढ्याने आरंभ पुरेसा होईल.