विद्यापीठाची वीमंसा

मज्झिमनिकायातील वीमंसकसुत्तात भगवान बुद्धांनी भिक्खूंना एक विलक्षण अधिकार दिला आहे. तथागत खरोखर सम्यक् संबुद्ध आहेत की नाहीत, हे भिक्खूने स्वतः तपासून पाहावे. डोळ्यांना दिसणाऱ्या व कानांना ऐकू येणाऱ्या वर्तनावरून तपासावे. 'वीमंसा' म्हणजे अशी कसून केलेली परीक्षा. जेथे शास्त्याचीही परीक्षा शिष्याने करावयाची, तेथे विद्यापीठ तिच्यातून कसे सुटेल?

शहापूर-मुरबाडकडील विद्यार्थी पालि विषयात एम. ए. करण्याविषयी विचारतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा 'मोठे विद्यापीठ कोणते?' हाच असतो. मुंबईचे १८५७ चे, नागपूरचे १९२३ चे, पुण्याचे १९४९ चे. यावरून ज्येष्ठता कळते. आपल्याला काय शिकायचे आहे, ते कळत नाही. संस्कृत-प्राकृताच्या जोडीने पालिचे भाषाशास्त्र अभ्यासू इच्छिणाऱ्यास पुण्यात १९१७ पासूनच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचा शेजार लाभतो. विहारात सुत्ते मुळातून समजावून सांगता यावीत एवढीच ज्याची आकांक्षा आहे (आणि ती लहान नव्हे), त्याने ओळ-ओळ लावून शिकविणारा आचार्य शोधावा.

दुसरी कसोटी वाटेची. शहापूरच्या विद्यार्थ्याला आसनगावहून लोकल मिळते. मुंबईची रोजची ये-जा कष्टाची, पण शक्य असते. मुरबाडला रेल्वे नाही. आधी एस. टी.ने कल्याण गाठावयाचे. मुरबाडच्या आतल्या गावातील मुलीचे वेळापत्रक विद्यापीठ ठरवीत नाही, शेवटची एस. टी. ठरविते. तिला वसतिगृह मिळत असेल, तर नकाशावर दूर असलेले नागपूरच अभ्यासाला जवळचे ठरेल. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिच्या अटी प्रवेशापूर्वीच वाचून घ्याव्यात.

येथे धर्मानंद कोसंबींचे स्मरण होते. कलकत्ता विद्यापीठातील पालिचे अध्यापन सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये स्वीकारले. कलकत्ता उणे होते म्हणून नव्हे, तर पालि महाराष्ट्रात रुजवावयाची होती म्हणून. पुढे १९१२ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांच्यापाशी पु. वि. बापट यांच्यासारखे विद्यार्थी घडले. एका विद्यापीठाची निवड करताना दुसऱ्याची निंदा करण्याचे कारण नसते.

प्रत्यक्ष परीक्षा मात्र घरी बसून होत नाही. माहितीपुस्तिका हा स्वतःच्या तोंडून केलेला गौरव होय. विभागप्रमुखांची अनुमती घेऊन एका तासाला बसावे. पाठ मूळ ग्रंथातून चालतो की उतरवून दिलेल्या टिपणांवर, ते पाहावे. ग्रंथालयात भिक्खू जगदीश काश्यप यांनी संपादिलेले नालंदा देवनागरी तिपिटक आणि कसारा घाटापलीकडील इगतपुरीहून प्रसिद्ध झालेले अट्ठकथा-टीकांसह १४० खंड आहेत काय, आणि असल्यास ते विद्यार्थ्याच्या हाती पडतात की कुलूपबंद कपाटात राहतात, हेही विचारावे. शेवटी दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला एकांतात गाठावे, आणि ते आचार्यांसमोर नको.