नदीतील माशांवरील परजीवी : परिस्थितिकीच्या दृष्टीने काही विचार

प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आपण मासा चिरून आतड्यातील कृमी विद्यार्थ्यांना दाखवतो. कातडी, पर आणि कल्ले यांच्याकडे मात्र सहसा कोणी भिंगातून पाहत नाही. वास्तविक या भागांवर परजीवींची स्वतंत्र वस्ती असते. प्रकल्प-अहवालांत ‘बाह्यपरजीवी आढळले नाहीत’ असे वाक्य वारंवार येते. प्रस्तुत लेखकानेही अशा वाक्यांखाली सह्या केलेल्या आहेत. त्यात चूक कोठे होते, हे या परजीवींची राहणी समजून घेतल्याशिवाय कळत नाही.

प्रथम आर्ग्युलस, म्हणजे माशांची ऊ घेऊ. बशीसारखा चपटा, काही मिलिमीटर लांबीचा हा कवचधारी प्राणी दोन चूषकांनी माशाला चिकटतो आणि कातडीला भोक पाडून रक्त शोषतो. पण तो एकाच माशाशी बांधलेला नसतो. तो पोहत दुसऱ्या माशावर जातो, आणि मादी तर अंडी घालण्यासाठी मासा सोडून दगड किंवा बुडालेल्या लाकडावर ओळीने अंडी चिकटवते. म्हणूनच मत्स्यतळ्यांत फळ्या बुडवून ठेवतात व अंडी बसल्यावर त्या बाहेर काढून वाळवतात. लर्निया याच्या उलट. तिची मादी माशाच्या मांसात नांगरासारखे डोके रुतवून कायमची तेथेच राहते. नर मीलनानंतर मरून जातो. मादीच्या शेपटाकडील टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबताना दिसतात. पाणी उबदार असेल तर तिचे जीवनचक्र तीन-चार आठवड्यांत पूर्ण होते.

कल्ल्यांवरील डॅक्टिलोगायरस अंडी घालतो, आणि त्याच्या बहुतेक जाती एखाद्या ठरावीक माशावर किंवा त्याच्या जवळच्या नातलगांवरच राहतात. त्याचा भाईबंद गायरोडॅक्टिलस पिले प्रसवतो. आईच्या पोटात लेक असते आणि त्या लेकीच्या पोटात नात वाढत असते! त्यामुळे एका कृमीपासूनही साथ पसरू शकते. नॉर्वेत १९७५ साली गायरोडॅक्टिलस सालारिस प्रथम आढळला. तो स्वीडनमधून आणलेल्या सामन माशांच्या पिलांबरोबर आला होता. बाल्टिककडे वाहणाऱ्या नद्यांतील सामन त्याला बऱ्याच प्रमाणात सोसत होते; नॉर्वेच्या नद्यांतील सामनची पिले मात्र मोठ्या संख्येने मेली. पुढे सुमारे पन्नास नद्यांत त्याचा शिरकाव झाला आणि अनेक नद्यांत रोटेनोन हे विष सोडून सगळे मासेच मारावे लागले. यजमान व परजीवी यांची जुनी ओळख असेल तर नुकसान मर्यादित राहते. नवी गाठ पडली तर अनर्थ होऊ शकतो. आपल्या तलावांत बाहेरून मत्स्यबीज सोडताना ही गोष्ट फारशी विचारात घेतली जात नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

सगळेच परजीवी उपद्रवी असतात असेही नाही. लॅमेलिडेन्स या शिंपल्याचे डिंभ काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहतात आणि मग तळाशी गळून पडतात. शिंपला स्वतः फार चालत नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला त्याची संतती पोहोचते ती माशाच्या कल्ल्यांवर बसून. नदीवर ओळीने बंधारे आले आणि माशांची ये-जा थांबली, तर शिंपल्याचीही वाट अडते.

आपल्या भागात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळ्यानंतर बरगे घालून पाणी अडवतात. वाहती नदी त्या महिन्यांत तळ्यांच्या माळेसारखी होते. प्रवाह मंद झाला की पोहणाऱ्या डिंभांना यजमान सापडणे सोपे जाते. उन्हाळ्यात पाणी आटून मासे दाटीने राहू लागले की संसर्गाची संधी आणखी वाढते. म्हणून बंधाऱ्याच्या वरचे व खालचे मासे एकाच यादीत मिसळू नयेत.

आता मोजणीबद्दल. समजा ४० मासे तपासले, १० बाधित निघाले आणि एकूण १०० परजीवी सापडले. बाधितांचे प्रमाण २५ टक्के. बाधित माशामागे सरासरी तीव्रता १०. तपासलेल्या दर माशामागे विपुलता २.५. या संज्ञा १९८२ साली मार्गोलिस व सहकाऱ्यांनी निश्चित केल्या. आपले बहुतेक अहवाल टक्केवारीवरच थांबतात. त्या १०० पैकी ७० परजीवी एकाच माशावर असू शकतात, आणि निसर्गात असेच घडण्याचा कल असतो. क्रॉफ्टन यांनी १९७१ मध्ये या एकवटलेल्या वितरणाला परजीवितेच्या व्याख्येतच स्थान दिले. तेव्हा प्रत्येक माशाची संख्या वेगळी लिहावी, शून्यसुद्धा लिहावे.

बाजारातून आणलेल्या माशांवर ही मोजणी करता येत नाही. मासा मेला की आर्ग्युलस त्याला सोडून जातो. धुण्यात आणि टोपलीतल्या घासाघाशीत उरलेलेही निघून जातात. मासा जाळ्यातून काढताक्षणी नदीच्याच पाण्याच्या बादलीत एकेकटा ठेवावा, आणि मासा तपासून झाल्यावर ते पाणीही गाळून पाहावे. पुष्कळदा बशीपेक्षा गाळणीतच अधिक सापडते.