मधल्या वयाची माणसं

२००१च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वे तालुक्यातलं एक गाव माझ्याकडे होतं. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. एका घरात साठी उलटलेली आजी आणि दोन नातवंडं, एवढीच माणसं. मुलगा-सून कुठे, म्हणून विचारलं.

"थे दोघंबी गेले, बाई. त्याइचं नाव नोका लिवू."

मुलगा ट्रकवर क्लीनर होता. आजाराचं नाव आजीनं घेतलं नाही, पण ते गावाला ठाऊक होतं. मी तीन नावं लिहिली आणि पुढच्या घरी गेले. गेलेल्यांसाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

एड्सनं देशाची लोकसंख्या किती घटली, हे नुसत्या एकूण आकड्यात शोधू नये. २००१ साली आपण १०२ कोटी होतो, २०११ साली १२१ कोटी झालो. त्या वाढीत आजीचं घर दिसतच नाही. एड्सचा विषाणू, एचआयव्ही, मुख्यतः गाठतो तो वावरात राबणाऱ्या, लेकरं वाढवणाऱ्या वयाला. औषध नसेल तर लागण झाल्यापासून साधारण आठ-दहा वर्षांत एड्स होतो. विशीत लागण झालेला तिशीत जातो. मग म्हातारी दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जाते, आणि थोरल्या नातीची शाळा सुटते.

आफ्रिकेतल्या बोट्स्वानात हेच देशभर घडलं. २०००च्या सुमारास तिथे तीन-चार प्रौढांमागे एकाला लागण होती. साठीपर्यंत पोचलेलं सरासरी आयुर्मान पन्नाशीच्या आसपास घसरलं. भारतात हे प्रमाण शंभर प्रौढांत एकापर्यंतही कधी गेलं नाही. पन्नास लाखांवर धरलेली बाधितांची संख्या २००७मध्ये पंचवीस लाखांच्या आसपास आणावी लागली, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरच्या लाखावर लोकांचं रक्त तपासलं गेलं होतं. तरी पंचवीस लाख माणसं थोडी नव्हेत. आजही सर्वाधिक बाधित महाराष्ट्रातच आहेत.

त्यातल्या बायकांपैकी बहुतेकींना लागण नवऱ्याकडून झाली. नवरा मेल्यावर "पांढऱ्या पायाची" म्हणून घराबाहेर काढलं तेही त्यांनाच. याचा मला आजही संताप येतो.

चित्र पालटलं ते औषधांनी. मोठ्या विदेशी कंपन्या वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक घेत असताना मुंबईच्या सिप्लानं २००१मध्ये तीन औषधांचं मिश्रण सुमारे ३५० डॉलरला देऊ केलं. १ एप्रिल २००४पासून सरकारनं एचआयव्हीवरची ही औषधं (एआरटी) मोफत द्यायला सुरुवात केली. आता आमच्याकडची माणसं औषधासाठी अमरावतीला इर्विन रुग्णालयात जातात. रोज एक गोळी नेमानं घेणारा माणूस म्हातारपण बघू शकतो. रक्तात विषाणू सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातून त्याच्याकडून लागणही होत नाही. काहीच उपचार नसेल तर बाधित आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात १५ ते ४५ असते. वेळेवर औषध मिळालं तर ती पाचाच्या खाली येते.

म्हणून गरोदर बाई दिसली की मी आधी विचारते, "एचआयव्हीची तपासणी केली का वं?" सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. नवऱ्यालाही सोबत न्यायला सांगते. सासू कुरकुरली तर तिलाही दोन शब्द ऐकवते.