चुगलखोर गाळाचे गाळीव किस्से!

माहीत आहे का? नदीत कुणी काय सोडलं, याची चुगली पाण्यापेक्षा गाळच जास्त करतो! पाणी पुढे पळतं. शिसं, तांबं, जस्त मात्र बारीक कणांना चिकटून तळाशी ठाण मांडतात. म्हणूनच संशोधक 63 मायक्रॉनपेक्षा बारीक गाळाची खास उलटतपासणी घेतात.

नदीचा एमआरआय! 1996 मध्ये जर्मनीतल्या नद्यांत गॅडोलिनियम हे मूलद्रव्य वाजवीपेक्षा जास्त असल्याचं जाहीर झालं. कारखान्याचा उद्योग? छे! एमआरआयआधी पेशंटला टोचतात त्या कॉन्ट्रास्ट इंजेक्शनचा! पेशंट घरी, गॅडोलिनियम लघवीवाटे गटारात, सांडपाणी केंद्राला गुंगारा देऊन थेट नदीत.

नो फिल्टर! स्पेनमधली रिओ टिंटो नदी खरोखरच लाल आहे. लोहाची करामत! पीएच 2च्या आसपास, म्हणजे लिंबाच्या रसाइतकी आंबट. तरी त्यात सूक्ष्मजीव मजेत राहतात. मंगळावर जीव शोधू पाहणारे शास्त्रज्ञ म्हणूनच इथे चकरा मारतात!

एकाच खाणीत शाप आणि नोबेल! जपानच्या कामिओका खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीत आलं, नदीतून भातात, भातातून माणसांत. हाडं इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीनं मोडायची. 1968 मध्ये सरकारनं हा ‘इताई-इताई’ आजार प्रदूषणाचाच असल्याचं मान्य केलं. आज त्याच खाणीत सुपर-कामिओकांडे ही न्यूट्रिनो वेधशाळा आहे. 2015च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये तिचा वाटा!

ब्रेक दाबला, मासा गांगरला! ब्रेक पॅडची तांबेयुक्त धूळ पावसासोबत ओढ्यात जाते आणि सॅमन माशाचं वास घेणंच बिघडतं. म्हणून कॅलिफोर्नियानं 2010 मध्ये कायदा करून ब्रेक पॅडमधल्या तांब्यालाच ब्रेक लावला.

सूर्यालाही घाम! धातू मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रातला आर्गॉन प्लाझ्मा सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही गरम असतो. अब्जात एक भाग धातू असला तरी हा पठ्ठ्या पकडतो!

शिशाचे फिंगरप्रिंट! माहीत आहे का, प्रत्येक खाणीतल्या शिशात 206 आणि 207 या समस्थानिकांचं प्रमाण वेगवेगळं असू शकतं. ते गाळाशी जुळवून पाहा: पेट्रोलमधलं, कारखान्यातलं की मूळ खडकातलं, संशयितांची रांग पटकन आखडते.

आता देशी ट्विस्ट! दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये लोह, तांबं मुळातच भरपूर. त्यामुळे आपल्या गोदा-भीमेचा गाळ जगाच्या सरासरीशी ताडला, तर निरपराध खडकावरच खटला! जर्मन शास्त्रज्ञ म्युलर यांनी 1969 मध्ये आणलेला गाळातलं धातू-प्रदूषण मोजणारा 0 ते 6 वर्गांचा निर्देशांकही स्थानिक खडक लक्षात घेतला तरच खरं बोलतो.

मग दोषी कोण? खडक थोडा, आपण बरेच! तेव्हा वापरलेले सेल ओढ्याकाठी फेकू नका, ई-कचऱ्यात द्या. आणि गणपतीची मूर्ती शाडूची असली, तरी तिच्या रंगात शिसं-क्रोमियम नाही ना, हे दुकानदाराला विचाराच!