पागडीची खोली

गिरगावात एका जुन्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून चौथी, अशी माझ्या एका स्नेह्यांची खोली आहे. ती त्यांच्या आजोबांनी घेतली. विकत घेतली असे म्हणावे तर खरेदीखत नाही, आणि भाड्याने घेतली म्हणावे तर त्या वेळी रोख मोजलेली रक्कम कोणत्याही अनामतीपेक्षा मोठी होती आणि तिची पावती मालकाने दिली नाही, आजोबांनी मागितलीही नाही. खोलीचे भाडे आज महिना नव्वद रुपये आहे. आजोबा जाऊन चाळीस वर्षे होऊन गेली, तरी मालकांचे मेहताजी दर तिमाहीस त्यांच्याच नावाने पावती फाडतात आणि नातू ती निमूटपणे पत्र्याच्या पेटीत ठेवून देतो. कारण पावतीवरचे नाव बदलून मागितले की देण्याघेण्याचा विषय निघेल, हे मेहताजीही जाणतात आणि नातूही.

ज्यांनी मुंबई केवळ पाहिली आहे, तिच्यात संसार केलेला नाही, त्यांस पागडी या शब्दाने डोक्यावरच्या वस्तूचे स्मरण व्हावे हे स्वाभाविक होय. मुंबईकराच्या लेखी पागडी म्हणजे खोलीचा कब्जा मिळताना मालकास एकरकमी द्यावयाचा ऐवज. तो एकदा दिला, की नाममात्र भाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहण्याचा, आणि पुढे मन उठले तर ती खोली बाजारभावाने तिसऱ्या इसमाच्या हवाली करण्याचा अधिकार भाडेकरूस प्राप्त होतो. त्या बाजारभावातील एक वाटा, बहुधा तिसरा हिस्सा, मालक घेतो आणि त्याबदल्यात नव्या इसमाच्या नावे पावती करून देतो. संस्थानिकाच्या दत्तकास मान्यता मिळावी म्हणून सार्वभौम सत्तेला जो नजराणा भरावा लागे, त्याच कुळातले हे देणे आहे. संस्थाने खालसा झाली; चाळीत ती रीत राहिली.

या व्यवस्थेचे मूळ कोणा एकाच्या लबाडीत शोधू नये. ते टंचाईत आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या आणि गोदी यांच्या ओढीने शहरात माणसांचा लोट आला, घरे तेवढीच राहिली, भाडी भडकली, आणि १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा करावा लागला. दुसऱ्या महायुद्धाने तीच अवस्था पुन्हा आणली. पुढे स्वातंत्र्य आणि फाळणी यांच्या धामधुमीत १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला, तेव्हा १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे चालू होते तेच 'प्रमाण भाडे' म्हणून कायम करण्यात आले आणि त्याहून अधिक घेणे निषिद्ध ठरले. हा कायदा करणाऱ्यांचा हेतू निखालस लोकहिताचा होता आणि कायदाही तात्पुरता होता. पण तात्पुरत्या गोष्टींना आपल्याकडे जे दीर्घायुष्य लाभते ते यालाही लाभले, आणि मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत तो अर्धशतकाहून अधिक काळ जगला.

भाडे थिजले, पण खोलीची किंमत काही थिजेना. कायद्याने समोरचे दार लावून घेतल्यावर ती किंमत मागच्या दाराने आली आणि तिला पागडी हे नाव पडले. गंमत अशी, की १९४७ च्या कायद्याने अशी रक्कम घेणे हा गुन्हा ठरविला होता. म्हणजे ज्या व्यवहारावर या शहरातील हजारो संसार उभे राहिले तो व्यवहार दोन पिढ्या कागदावर नव्हताच. तो होता पत्र्याच्या पेटीत, साक्षीदारांच्या स्मरणात, आणि 'आपला शब्द' या एकाच तारणावर.

१९७३ साली सरकारने आणखी एक पाऊल टाकले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे कोणी परवानगीपत्रावर, म्हणजे 'लिव्ह अँड लायसन्स'वर, जागेत राहत होते, त्या सर्वांस एका दुरुस्तीने संरक्षित भाडेकरूंचा दर्जा दिला गेला. त्यांचे कल्याण झाले. पण एकदा आत आलेला मनुष्य पुन्हा बाहेर पडत नाही हा धडा घरमालकांच्या मनावर असा काही कोरला गेला, की पुढे कित्येकांनी रिकामी जागा कोणास देण्यापेक्षा तिला कुलूप घालून ठेवणे पत्करले. आज अकरा महिन्यांच्या करारावर दरवर्षी बिऱ्हाड हलविणाऱ्या तरुण जोडप्यांनी आपल्या हालांचा थोडा दोष त्या कुलपांच्या इतिहासालाही द्यावा.

शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मलपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट म्हटले, की १९४० च्या भाड्याला जखडून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी ठरल्या आहेत. मात्र नवा कायदा होऊ घातला असल्याने त्या रद्दबातल करण्याचे टाळले. तो नवा कायदा, म्हणजे महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९, हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने मालकास दरसाल चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली आणि पागडीच्या देवघेवीवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसून टाकला. चार टक्के म्हणजे किती? नव्वद रुपयांवर तीन रुपये साठ पैसे. मेहताजींनी ही वाढ मागितली नाही, आणि ती मागण्यास जिने चढण्याचे त्यांचे वय आता राहिलेले नाही.

सामान्य रहिवाशाला या कायद्यातील काही गोष्टी तरी ठाऊक असाव्यात. भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. भाडेकराराची नोंदणी करून घेण्याची जबाबदारीही त्याचीच, आणि ती त्याने टाळली तर अटींविषयी तंटा उपस्थित झाल्यास भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी त्याला सबळ कारणावाचून तोडता येत नाहीत. मालक भाडेच घेईनासा झाला, तर थकबाकीचा दावा अंगावर येऊ नये म्हणून जुने भाडेकरू मनीऑर्डर करीत. पोस्टमनने 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आणलेल्या मनीऑर्डरींची चळत मी एका बिऱ्हाडात पाहिली आहे, आणि घरातल्या दागिन्यांपेक्षा ती अधिक जपून ठेवलेली होती. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो, म्हणून शिधापत्रिकेवर कोणाचे नाव आहे आणि कोणाचे कमी झाले यावरून सख्ख्या भावांत अबोले धरले जातात. हे सारे तंटे चालतात धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात. त्या न्यायालयाच्या नावातील 'लघु' हा शब्द वादाच्या आयुष्याला लागू नाही, हे तेथील बाकांवर बसलेल्या कोणासही विचारावे.

आणखी एक कलम आहे, ज्याने माझ्या स्नेह्यांचे शनिवार बांधून टाकले आहेत. सबळ कारणावाचून जागा सलग सहा महिने वापरात नसेल, तर मालकास ती परत मागण्याचा दावा लावता येतो. स्नेही आता डोंबिवलीस राहतात. मुले तेथेच वाढली, गिरगावच्या दहा बाय अठराच्या खोलीत कोणाला यावयाचे नाही. तरी दर शनिवारी ते सकाळची गाडी पकडून येतात, कुलूप काढतात, केर काढतात, पंखा आणि दिवा लावून वर्तमानपत्र वाचीत बसतात. वकिलांनी बजावून ठेवले आहे, की बेस्टचे बिल शून्य युनिटचे येता कामा नये. रिकाम्या खोलीत फिरणारा तो पंखा वारा कोणाला घालतो, असे मी एकदा थट्टेने विचारले. "आजोबांच्या पावतीला," ते म्हणाले.

आता मालकाची बाजू. तीही ऐकली पाहिजे, कारण चाळीचा मालक म्हटला की गलेलठ्ठ शेटजींचे चित्र डोळ्यांपुढे आणण्याची आपल्याला खोड आहे, आणि पुष्कळदा प्रत्यक्षात तो दहा-बारा चुलत भावंडांत विभागला गेलेला, वर्षाकाठी हाती येणाऱ्या भाड्यातून पालिकेचे करही जेमतेम भागविणारा गृहस्थ असतो. इमारत चांगल्या अवस्थेत ठेवणे हे कायद्याने त्याचे कर्तव्य आहे. त्याने ते केले नाही, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः डागडुजी करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, अशीही तजवीज आहे; परंतु वर्षभरात वळती करावयाची रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या चौथाईहून अधिक असता कामा नये. हिशोब करून पाहा. नव्वद रुपयांप्रमाणे वर्षाचे एक हजार ऐंशी, त्याची चौथाई दोनशे सत्तर. एवढ्यात आज सिमेंटची एक गोणी येत नाही, मग ती वर चढविणाऱ्या गड्याची मजुरी दूरच राहिली. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला ती आपली वाटत नाही. मालकी दुभंगून तिची दोन शकले दोघांच्या हाती आली आहेत, आणि प्रत्येक शकल दुसऱ्याला अडविण्यापुरते मोठे आहे, एक तुळई बदलण्यापुरते नाही. माझ्या मते भाडे गोठवण्याचा खरा दोष हाच. मालकाचे नुकसान झाले हा त्यामानाने लहान दोष; घराला घरधनीच उरला नाही, हा मोठा.

घर मात्र कोणाच्या हक्कांची वाट पाहत थांबत नाही. खाऱ्या हवेने लोखंड फुगते, पावसाने लाकूड कुजते. पडझडीच्या घटना वाढल्या तेव्हा बेडेकर समितीच्या शिफारशींनंतर १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि शहर विभागातील, म्हणजे माहीम-शीवच्या अलीकडील, जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसला. १९६९ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत बांधलेल्या या 'उपकरप्राप्त' इमारतींची संख्या प्रारंभी साडेएकोणीस हजारांच्या घरात होती. पुढे हे काम म्हाडाकडे आले. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, रहिवाशांना संक्रमण शिबिरात जाण्याच्या नोटिसा लागतात, आणि बहुतेक जण जात नाहीत. कारण तात्पुरते म्हणून संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबे तेथेच म्हातारी झालेली त्यांनी पाहिली आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळून तेहेतीस माणसे गेली. ती इमारतही धोकादायकच ठरलेली होती.

आमच्या स्नेह्यांच्या चाळीला टेकू लागले त्यास आता बरीच वर्षे झाली. सज्जाखाली ओळीने उभे केलेले लाकडी खांब प्रथम दिसले तेव्हा म्हणे बायका त्यांच्यापासून अंग चोरून चालत. आता दोन टेकूंमध्ये दोरी बांधून तिच्यावर कपडे वाळतात, एकावर शेजारच्या मुलांनी खडूने यष्ट्या काढल्या आहेत, आणि नळावर जाताना म्हाताऱ्या माणसांना धरावयास त्यांचा उपयोग होतो.

यातून सुटण्याचे मार्ग काढले गेले नाहीत असे नाही. विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या नियमान्वये उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधली तर भाडेकरूस निदान तीनशे चौरस फुटांची जागा मालकी हक्काने, विनामूल्य मिळते आणि मालक व विकासक यांना वाढीव चटईक्षेत्र. 'तेहेतीस-सात' हा शब्द गिरगाव-लालबागच्या गृहिणीही नळावर सहज वापरतात. जेथे रस्ता रुंद, भूखंड मोठा आणि माणसे एकमताची, तेथे मनोरे उभे राहिले. जेथे भूखंड चिंचोळा आणि वाटेकरी पुष्कळ, तेथे विकासक एकदा येऊन, मोजणी करून, पेढे खाऊन जातो, तो पुन्हा दिसत नाही.

दुसरा मार्ग १९८६ साली निघाला. सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास सरकारने इमारत संपादून त्यांच्या सहकारी संस्थेस द्यावी आणि मालकास मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम द्यावी, असा तो उपाय. आमच्या खोलीचे शंभर पट नऊ हजार. अशा वीस खोल्यांची चाळ धरली, तर तिच्या मालकाला गिरगावातील जमिनीसकट एक लाख ऐंशी हजार! मालकांची संघटना १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. तो वाद वाढत वाढत नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे पोचला, आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय आला, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ब) मधील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' या संज्ञेत बसत नाही. एका शहराच्या मोडकळीस आलेल्या सज्जांवरून घटनेतील खासगी मालमत्तेच्या अर्थापर्यंत गेलेला हा बत्तीस वर्षांचा प्रवास विद्वानांना मननीय वाटला. चाळीत त्या दिवशी पाणी उशिरा आले, त्याचीच चर्चा अधिक होती.

मागल्या शनिवारी मी स्नेह्यांच्या सोबत गेलो होतो. मेहताजी आले, जिना न चढता खालूनच त्यांनी हाक मारली, आणि आम्ही दोरीने टोपली सोडली. टोपलीत दोनशे सत्तर रुपये होते. वर आली तेव्हा तीत तिमाहीची पावती होती, निळ्या शाईतली, आजोबांच्या नावाची. स्नेह्यांनी ती वाचली, घडी घातली, पंखा बंद केला, मीटरवरचा आकडा डोळे बारीक करून पाहिला, आणि कुलूप लावले.