देवाजवळ मागताना (भाग ६) : ग्लासगोचा शनिवार

मागच्या आठवड्यात आपण वांद्र्याच्या मोत माउलीपाशी होतो. हात दुखत असेल तर मेणाचा हात, घर हवं असेल तर मेणाचं घर. तिथे मागणं डोळ्यांना दिसतं आणि पायरीपाशी विकतही मिळतं. आज स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला जाऊ. तिथल्या प्रोटेस्टंट मंडळींनी असलं सगळं चर्चबाहेर काढलं होतं. मेण नाही, संतांचे पुतळे नाहीत, नवस तर नाहीच.

या शहराचं ब्रीदच मुळात एक मागणं आहे. ट्रॉन चर्चच्या १६३१च्या घंटेवर ‘हे प्रभो, तुझ्या वचनाच्या उपदेशाने आणि तुझ्या नामाच्या स्तुतीने ग्लासगोची भरभराट होवो’ अशा अर्थाचे शब्द होते. १८६६ मध्ये शहराला अधिकृत मानचिन्ह मिळालं, तेव्हा त्यावर ‘ग्लासगोची भरभराट होवो’ एवढंच उरलं. मागणं राहिलं, ज्याच्याकडे मागायचं तो गळाला. नगरपालिका कुठलीही असो, काटकसर भलत्या ठिकाणी करते.

देवाजवळ कोणाच्या शब्दांत बोलायचं, यावर या देशात रक्त तापलेलं आहे. १६३७ मध्ये राजा पहिला चार्ल्स याने छापील प्रार्थनापुस्तक स्कॉटलंडवर लादलं आणि एडिंबरोच्या चर्चमध्येच दंगल झाली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ग्लासगोच्या कॅथीड्रलमध्ये महासभा भरली. तिने ते पुस्तक फेटाळलं आणि बिशपांनाही घरी बसवलं. पुढे पाळकांना स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायची सवय लागली. ती सवय हळूहळू खाली झिरपली. विणकर, चांभार, मोलकरणी घरोघर जमून आपापल्या बोलीत देवाला साकडं घालू लागल्या.

म्हणून वाटेल ते मागावं, असं मात्र नव्हतं. १६४८ मध्ये स्कॉटिश चर्चने स्वीकारलेली छोटी प्रश्नोत्तरी पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेतली गेली. तिच्यातली व्याख्या थोडक्यात अशी : देवाच्या इच्छेशी जुळणारं मागावं, ख्रिस्ताच्या नावाने मागावं, सोबत आपल्या पापांची कबुली द्यावी आणि आजवर मिळालेल्याचे आभार मानावेत. ‘मुलगा झाला तर पाळणा वाहीन’ याला इथे जागा नाही, कारण देवाला देण्याजोगं माणसाजवळ काही आहे हेच या मंडळींना मान्य नव्हतं. आजारी मूल बरं व्हावं म्हणून रडून मागता येतं, पण पुढे ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे म्हणावंच लागतं. उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं आणि तेही उत्तरच धरायचं. मला हे नवसापेक्षा कठीण वाटतं. नवसात निदान हिशेब असतो.

या कठीण रीतीने लोक काय करून बसले, ते पाहायला ग्लासगोच्या आग्नेयेला कॅम्बस्लँगला जावं लागतं. १७४०चा हिवाळा भयंकर गेला होता, पाठोपाठ धान्याची टंचाई आली. विल्यम मॅककलक हा तिथला पाळक फारसा वक्ता नव्हता. १७४२च्या सुरुवातीला इंग्रॅम मोर हा जोडे शिवणारा आणि रॉबर्ट बोमन हा विणकर गावात दारोदार फिरले. आठवड्याला एक जादा प्रवचन द्यावं, अशा अर्जावर त्यांनी सुमारे ९० कुटुंबप्रमुखांची संमती मिळवली. फेब्रुवारीत पाळकाच्या घरी प्रार्थनासभा सुरू झाल्या, आणि त्या महिन्यात लोक मोठमोठ्याने रडत पापं कबूल करू लागले. ऑगस्टमधल्या प्रभुभोजनाला टेकडीच्या उतारावर जमलेली गर्दी प्रवचनकार जॉर्ज व्हाइटफील्डने ३०,००० वर धरली. आकडा प्रवचनकाराचा आहे, तेव्हा थोडा सैल सोडावा. माझ्या मते मॅककलकचं खरं मोठेपण पुढचं आहे. शंभरावर सामान्य माणसांचे, त्यातही बहुसंख्य बायकांचे, अनुभव त्याने लिहून ठेवले. ती हस्तलिखितं आजही आहेत. त्या काळातल्या मोलकरणीने देवाजवळ काय मागितलं, हे एरवी आपल्याला कोणी सांगितलं असतं?

कॅम्बस्लँगचा भर ओसरला तेव्हा, ऑक्टोबर १७४४ मध्ये, काही स्कॉटिश पाळकांनी एक साधी युक्ती काढली. जागा वेगळ्या, पण वेळ एक. शनिवारी संध्याकाळी, रविवारी सकाळी आणि दर तिमाहीच्या पहिल्या मंगळवारी जो जिथे असेल तिथे त्याने प्रार्थना करायची, आणि मागणं सगळ्यांचं एकच : पवित्र आत्म्याचा वर्षाव साऱ्या जगावर होवो. मुदत दोन वर्षांची होती. ती वाढवली गेली आणि विनंतीपत्रं अमेरिकेलाही रवाना झाली. तिथे जोनाथन एडवर्ड्‌स या पाळकाने या कल्पनेवर पुस्तक लिहिलं. १७८४ मध्ये जॉन अर्स्किन या स्कॉटिश पाळकाने ते इंग्लंडमधल्या एका बॅप्टिस्ट मित्राला पाठवलं. ते वाचून नॉर्दॅम्प्टन भागातल्या मंडळ्यांनी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रार्थनेला बसायचं ठरवलं. त्याच मंडळ्यांतून १७९२ मध्ये एक मिशनरी संस्था निघाली, आणि पुढच्या वर्षी तिने एकेकाळी जोडे शिवणाऱ्या एका पाळकाला बंगालकडे धाडलं. त्याचं नाव विल्यम कॅरी.

पुढचं आपल्या घरातलं आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी मराठीही शिकवू लागला. पंडित वैजनाथशर्म्यांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापला. हे प्रार्थनेचं फळ, असं मी म्हणणार नाही. इतिहासाला तसं सिद्ध करता येत नाही. पण ग्लासगोजवळच्या शनिवारपासून बंगालमधल्या श्रीरामपूरच्या, कॅरीच्या छापखान्यापर्यंत माणसांची साखळी सलग सापडते. विणकरांनी मागितला होता साऱ्या जगावर आत्म्याचा वर्षाव. मराठीच्या पदरात त्यातून व्याकरण पडलं.

आजच्या ग्लासगोत रविवारच्या उपासनेत इतरांसाठी मागायची मध्यस्थीची प्रार्थना चालू आहे. आजारी, बेघर, निर्वासित यांची आठवण तीत होते. आयरिश स्थलांतरितांमुळे कॅथलिक चर्चही भरपूर आहेत आणि तिथे संतांपुढे मेणबत्त्या जळतात, वांद्र्याच्या माणसाला परकं वाटणार नाही. मात्र मागणारे घटले आहेत. २०२२च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या ५१ टक्के लोकांनी ‘कोणताही धर्म नाही’ असं नोंदवलं.

पुढच्या भागात केडगावला जाऊ. पंडिता रमाबाईंनी १९०५च्या जानेवारीत मुक्ती मिशनमधल्या मुलींना रोज प्रार्थनेला बसवायला सुरुवात केली, त्याची हकिगत तेव्हा.